दोन महिन्यांची पाहुणी

मी पित्ताच्या वाटेत बसवतात ती प्लास्टिकची नळी बोलतेय. बोटभर लांब, बॉलपेनच्या रिफिलएवढी जाड. डॉक्टर मला स्टेंट म्हणतात, सिस्टर नुसतं नळी म्हणतात, आणि ज्याच्या पोटात मी वर्षभर मुक्काम ठोकला तो माणूस माझं नावच काढत नसे. अगदीच वेळ आली तर 'ती आतली' म्हणायचा.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. पांढऱ्या टोप्या घातलेल्या बायका तिथे दिवसभर भिंगातून आम्हाला तपासायच्या. माझ्या शेजारणीच्या अंगावर केसाएवढा चरा निघाला, तर तिला तिथल्या तिथे बाजूला काढलं. मी पास झाले. दोन्ही टोकांना एकेक कान होता, जागेवरून घसरू नये म्हणून. मग मला पाकिटात बंद करून वर तारीख छापली, अमुक महिन्याच्या आत वापरावी. पाकिटावरची मुदत अशी छापलेली असते. पोटातली मुदत मात्र माणसाला तोंडी सांगतात, आणि सगळा घोळ इथून सुरू होतो.

मी एका इस्पितळाच्या एंडोस्कोपीच्या खोलीत आले. तिथे माझं घर म्हणजे एक खण. खोलीत एक्स-रेचं यंत्र असल्यामुळे सगळे शिशाचे जड कोट घालून वावरायचे. सिस्टरचा कारभार कडक. तिच्याकडे एक वही होती. कुणाच्या पोटात नळी घातली, कधी घातली, कधी काढायची, फोन नंबर काय, सगळं त्यात असायचं. नळी निघाली की नावापुढे लाल पेनाने बरोबरची खूण. ज्याच्यापुढे खूण नाही त्याला सिस्टर फोन करून भंडावून सोडायची. लोक तिला कंटाळायचे. मला ती फार आवडायची.

एके सकाळी एक प्लंबर आला. पन्नाशीचा, रुंद पंजाचा, डोळे हळदीसारखे पिवळे. अंगाला इतकी खाज की बोलता बोलता तो दंड खाजवत होता. पित्ताशय त्याचं आधीच काढून झालेलं, पण पित्ताच्या नळीत खडे राहिले होते. सोबत बायको होती, बालवाडीत शिकवणारी. मुलांना सांगावं तसं प्रत्येक गोष्ट ती त्याला दोनदा सांगायची.

डॉक्टर मॅडमनी काही हातचं राखून ठेवलं नाही. "तोंडातून दुर्बीण घालणार. पित्ताचं तोंड बारीक आहे आणि स्वादुपिंडाचं तोंड अगदी त्याला खेटून. तिथे धक्का लागला तर स्वादुपिंड सुजतं. शंभरात पाच-सात जणांना होतं. कधी रक्त जातं, क्वचित आतड्याला भोक पडतं. होईलच असं नाही. पण झालं तर काय करायचं ते आम्हाला ठाऊक आहे."

प्लंबर म्हणाला, "म्हणजे दोन पाइप एकाच तोंडाला जोडलेत. कुणी केलंय हे फिटिंग?"

"त्याची तक्रार माझ्याकडे घेत नाहीत," मॅडम म्हणाल्या, आणि त्याने सही केली.

त्या दिवशी मॅडमची बारीक तार दोनदा चुकून शेजारच्या दारात शिरली. तिसऱ्यांदा नीट वाटेला लागली. त्यांनी पित्ताच्या तोंडाला छोटा छेद दिला, दोन बारके खडे बाहेर ओढले. तिसरा मात्र शेंगदाण्याएवढा, बसला होता ठाण मांडून. मॅडमनी तो धरून पाहिला, सोडला, पुन्हा धरला. मग म्हणाल्या, "आज नको. जबरदस्ती केली तर फाटेल. नळी द्या." सिस्टरने खण उघडला, पाकीट फाडलं आणि माझं आयुष्य सुरू झालं. खडा एका बाजूला, भिंत दुसऱ्या बाजूला, मधे मी. माझ्यातून पित्त वाहायला लागलं तेव्हा मला स्वतःचा फार अभिमान वाटला.

तो अभिमान संध्याकाळपर्यंतच टिकला. शेजारचं स्वादुपिंड सुजलं. ते होऊ नये म्हणून आधी औषध दिलं होतं, तरीही सुजलं. पोटातून पाठीत आरपार जाणारी कळ, ओकाऱ्या, घाम. प्लंबर गुडघे पोटाशी घेऊन आडवा झाला. मॅडम आल्या, त्याच्या खाटेशी स्टूल ओढून बसल्या. "मी सांगितलं होतं त्यातलंच हे आहे. तार दोनदा तिकडे गेली, त्याचा धक्का बसला. आता सलाईन भरपूर, दुखण्यावर औषध, आणि आम्ही लक्ष ठेवून." लघवीसुद्धा मोजून लिहायचे. तिसऱ्या दिवशी पाणी, चौथ्या दिवशी पातळ सूप, सहाव्या दिवशी घर. रोगाच्या मानाने थोडक्यात निभावलं असं सगळे म्हणत होते. म्हणणाऱ्यांपैकी कुणाचं पोट दुखलं नव्हतं.

निघताना मॅडमनी बजावलं, "दोन महिन्यांनी या. नळी काढू, मोठा खडाही तेव्हाच काढू. ही नळी कायमची नाही. तुंबते." बायकोने तो कागद घरी फ्रिजच्या दारावर चिकटवला.

पोटात बसून सगळं ऐकू येतं. मी त्याची खूप बडबड ऐकली. तो हातोडीने भिंत ठोकून पाइप कुठे आहे ते ओळखायचा, गिऱ्हाइकांना दटावायचा. "सहा महिन्यांनी जाळी साफ करा. तुंबल्यावर मला बोलवू नका, त्याच्या आधी बोलवा." लोकांना सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडा पाषाण, असा सगळा प्रकार.

पण त्याच्या धंद्याचा आणखी एक नियम होता आणि त्यावर त्याची फार श्रद्धा होती. चालत्या नळाला पाना लावू नये. फार वर्षांपूर्वी एका घरात ठणठणीत चालणारी तोटी त्याने उगाच थोडी आवळली होती. आतला गंजलेला पाइप भिंतीतच मोडला आणि खालच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडाच्या गाद्या भिजल्या. तेव्हापासून हा नियम. आता कावीळ गेली होती, खाज गेली होती, भूक लागत होती. म्हणजे मी चालता नळ. मग मला हात कशाला लावायचा?

निदान तो स्वतःला असं सांगायचा. खरं काय ते मला माहीत होतं. इस्पितळाचा विषय निघाला की त्याचं काळीज धडधडायचं, माझ्यापर्यंत ठोके यायचे. त्या सहा दिवसांची धास्ती त्याच्या मनातून जात नव्हती. ती सांगायची लाज वाटायची, म्हणून नियम पुढे करायचा.

दोन महिने झाले. बायको म्हणाली, "मी रजा टाकते."

"कशाला दिवस मोडतेस? लहान काम आहे. मी एकटाच जाऊन येतो."

तो खरंच निघाला. इस्पितळाच्या फाटकापर्यंत गेला. समोर बाक होता, तिथे बसला. किती वेळ बसला ते सांगता येत नाही, पण ठोके काही केल्या कमी होईनात. मग उठला आणि ओळखीच्या नळाच्या सामानाच्या दुकानात जाऊन दुपारपर्यंत तोट्या बघत बसला. येताना औषधाच्या दुकानातून चिकटपट्टी घेतली आणि सुई टोचतात त्या जागी, हाताच्या पाठीवर, लावली.

"झालं," घरी येऊन तो म्हणाला. "नळी काढली, खडापण काढला. काही कळलंसुद्धा नाही."

बायकोने फ्रिजवरचा कागद काढला. संध्याकाळी लेकीला फोन करून सगळं सांगितलं, दोघी हसल्या. प्लंबर शेजारी बसून होता. मी आत होते. त्या घरात खरं ठाऊक असणारे आम्ही दोघंच.

पुढच्या आठवड्यात सिस्टरचा फोन आला. "नळी काढायची राहिलीय तुमची."

"काढली की. दुसरीकडे काढली, घराजवळच्या दवाखान्यात."

"असं? मग कागद आणून दाखवा हं."

"आणतो," तो म्हणाला आणि फोन ठेवला. नंतर तिचा फोन आला नाही. त्याने कुणालाच ताकास तूर लागू दिली नाही. मला आधी वाटलं होतं, गरज सरो वैद्य मरो म्हणतात तशातलाच हा एक. पण तो विसरला नव्हता. विसरलेला माणूस आंघोळ करताना बरगडीखाली हात ठेवून उभा राहत नाही.

महिने गेले. माझ्या आतल्या बाजूला आधी पातळ साय धरली. मग गाळ बसला, मग तो घट्ट झाला. पित्त माझ्यातून न जाता माझ्या कडेने कसंबसं झिरपू लागलं. मला बसवलं होतं ते वाट मोकळी ठेवायला आणि आता वाट अडवत होते ती मीच. मला याचं फार वाईट वाटायचं. मी ओरडू शकत नव्हते. ताप हीच काय ती माझी हाक. नवव्या महिन्यात पहिला आला, बारीक, एका दिवसाचा. त्याने गोळी घेतली. दहाव्यात पुन्हा, पुन्हा गोळी. बायको म्हणाली, "डॉक्टरला दाखवू या का?" तो म्हणाला, "हवा बदललीय."

वर्ष होत आलं तेव्हा एका दुपारी तो एका शाळेत फ्लशची टाकी दुरुस्त करत होता. हुडहुडी भरली. दात वाजू लागले, हातातला पाना फरशीवर पडला. शिपायाने त्याला गाडीत घालून घरी आणलं. बायकोने दोन रजया घातल्या, तरी खाट हलत होती. डोळ्यांचा पिवळा रंग पाहून तिच्या तोंडचं पाणी पळालं आणि तिने दारातल्या शिपायाला थांबवून तीच गाडी इस्पितळाकडे न्यायला लावली.

तातडीच्या विभागात एक तरुण डॉक्टर होता. पोरगेला पण मन लावून काम करणारा. ताप एकशे तीन, नाडी पळतेय, रक्तदाब उतरलेला. त्याने लगेच सलाईन लावलं, रक्त तपासायला घेतलं, अँटिबायोटिक सुरू केलं. मग विचारलं, "आधी काही झालं होतं?"

"पित्तात खडे होते," बायको म्हणाली. "नळी घातली होती. पण ती काढली, दहा महिने झाले. खडाही काढला."

"नक्की ना?"

"नक्की."

डॉक्टरने जुनी नोंदही मागवली. वहीत लाल खूण होती. "मग यकृतालाच संसर्ग दिसतोय," तो म्हणाला. "सोनोग्राफीचे डॉक्टर गेलेत, सकाळी पहिला नंबर लावतो. तोवर औषधांनी ताप उतरतो का पाहू." त्याच्या जागी कुणीही हेच म्हटलं असतं. पण मला सकाळपर्यंतचा भरवसा वाटत नव्हता. माझ्या मागे पू साचला होता, त्यातलं विष रक्तात उतरत होतं आणि माझ्यापर्यंत येणारे ठोके आता भरभर आणि हलके येत होते. औषध कितीही चांगलं असलं तरी तुंबलेली वाट काही उघडत नाही.

प्लंबर अर्धवट शुद्धीत होता. बायको त्याचा हात धरून डॉक्टरला सांगत होती, "दुखणं अंगावर काढतील, ते खरं. पण माझ्याशी खोटं नाही बोलायचे. तीस वर्षांत एकदाही नाही."

तेव्हा त्याने डोळे उघडले.

"अगं," तो म्हणाला.

"बोलू नका. थकाल."

"आतच आहे ती. काढली नाही."

बायकोने डॉक्टरकडे पाहिलं. डॉक्टर हळूच म्हणाला, "तापात बरळतात कधी कधी. घाबरू नका."

ती त्याच्या कपाळावरून हात फिरवू लागली. माझा धीर सुटला. वर्षभर ज्याने तोंड उघडलं नाही त्याने उघडलं, तर कुणी खरं मानायला तयार नाही. त्याने तिचं मनगट पकडलं. "बरळत नाहीये. फाटकापर्यंत गेलो होतो. बाकावर बसलो. भीती वाटली गं मला. ती पट्टी... हातावरची... ती मीच लावली होती. दुकानातून घेऊन."

पट्टी तिला आठवली असणार. त्या दिवशी तिनेच ती कोमट पाण्याने भिजवून हलकेच काढली होती आणि खाली सुईची खूण नाही म्हणून 'किती हलका हात' असं कौतुक केलं होतं. तिने मनगट सोडवून घेतलं. मग डॉक्टरकडे वळून साध्या आवाजात म्हणाली, "नळी आत आहे. माझं ऐका, आत आहे."

त्यानंतर सगळं भराभर झालं. एक्स-रेत मी दिसले, काठीसारखी आडवी. मॅडमना घरून बोलावलं, त्या तासाभरात आल्या. रक्तदाब सावरायला औषध लावलं, भूल देणारे उशाशी बसले. दुर्बीण खाली आली, वर्षभराने मला उजेड दिसला. मॅडमनी माझं टोक फासात पकडलं आणि ओढलं. माझ्यामागून पू आणि काळा गाळ भसाभसा बाहेर आला. सिस्टर म्हणाली, "बाई गं."

"खडा काढायचा का मॅडम?" तरुण डॉक्टरने विचारलं.

"आज खड्याला हात नाही. आज फक्त वाट मोकळी. जास्त शहाणपणा केला तर जिवावर बेतेल." त्यांनी माझ्या जागी नवी नळी बसवली. जुन्या छेदाच्या कडेने थोडं रक्त झिरपत होतं. मॅडमनी त्यावर औषधाचा फवारा मारला आणि पडद्याकडे बघत थांबल्या. रक्त थांबल्याची खात्री झाल्यावरच त्यांनी दुर्बीण काढली. बाहेर बायकोला सांगितलं तेव्हा तिचा जीव भांड्यात पडला, आणि मग ती पहिल्यांदा रडली.

सिस्टर वही उघडून उभी होती. "मॅडम, ही खूण माझी आहे. कागद न बघता केली."

"आजपासून कागद बघितल्याशिवाय खूण नाही," मॅडम म्हणाल्या. "आणि हिला टाकू नका. धुऊन बाटलीत ठेवा. मला लोकांना दाखवायला हवी."

तेव्हापासून मी मॅडमच्या टेबलावर, झाकण लावलेल्या बाटलीत आहे. काळी पडलेली, दोन्ही तोंडं बुजलेली. ज्याला नळी बसवायची त्याच्यासमोर मॅडम मला सरकवतात. लोक तोंड वाकडं करतात, मग तारीख लिहून घेतात. माझं एवढंच मागणं आहे. दुखणं थांबलं म्हणजे काम संपलं असं समजू नका. आणि भीती वाटत असेल तर भीती वाटते असं सांगा. मॅडम त्यावर कुणाला हसल्याचं मी पाहिलं नाही.

त्या दोघांचं सांगायचं राहिलं. महिनाभराने ते आले, ठरल्या दिवशी, दोघं. प्लंबर बराच वाळला होता. मॅडमनी विचारलं, "औषधं घेताय ना?" तो "घेतो" म्हणाला आणि त्याने बायकोकडे पाहिलं. तिने पिशवीतून गोळ्यांची रिकामी पाकिटं काढून टेबलावर ठेवली, एकेक करून. सगळे कागदही तिच्याच पिशवीत होते. आता त्या घरात त्याच्या शब्दाला पुरावा लागत होता आणि तो मुकाट्याने देत होता.

त्याची नजर बाटलीकडे गेली. "ही कुणाची?"

"तुमची," मॅडम म्हणाल्या.

त्याने बाटली उचलून उजेडात धरली, धंद्याच्या सवयीने माझ्या तोंडातून आरपार दिसतंय का पाहिलं. "असा पाइप गिऱ्हाइकाच्या घरी दिसला असता तर मी त्याला शिव्या घातल्या असत्या."

"मी नाही घातल्या," बायको म्हणाली.

त्याने बाटली खाली ठेवली. "भीती वाटतेय," तो मॅडमना म्हणाला. "मागच्यासारखं दुखेल का, याची."

"दुखू शकतं. या वेळी वाट तयार आहे, त्यामुळे धोका कमी. पण शून्य नाही. दुखलं तर मी इथेच आहे."

त्या दिवशी पित्ताचं तोंड आत छोटा फुगा फुगवून रुंद केलं, खडा फोडून काढला, नवी नळीही काढली. एक दिवस त्याला लक्ष ठेवायला ठेवून घेतलं. दुखलं नाही. दुसऱ्या दिवशी दोघं खोलीत येऊन बसले तेव्हा सिस्टर एका डबीत नळी आणि खड्याचे तुकडे घेऊन आली.

"आधी हिला दाखवा," प्लंबर म्हणाला.

बायकोने डबी हातात घेतली, तिरकी करून पाहिली. "हीच?"

"हीच," सिस्टर म्हणाली. तिने वहीत लाल खूण केली आणि घरी जाण्याचा कागद, नव्या नियमाप्रमाणे, नातेवाइकाच्या म्हणजे बायकोच्या हातात दिला. तिने तो वरपासून खालपर्यंत वाचला. पिशवीची चेन उघडली. मग तशीच थांबली, चेन लावली आणि कागद नवऱ्यापुढे धरला.

"तुम्ही ठेवा," ती म्हणाली.

त्याने तो चार घड्या घालून शर्टाच्या खिशात ठेवला. खिशाचं बटण त्याच्याकडून बराच वेळ लागेना, आणि तिने ते लावायला हात पुढे केला नाही, नुसती थांबून राहिली.